प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाला? : दुष्काळ, तुकाराम आणि आघाताचे मापन

आघातानंतर स्वतःविषयी व जगाविषयी मनात रुजणाऱ्या नकारात्मक धारणांचे मापन हा मानसशास्त्राचा अलीकडचा उद्योग आहे. एडना फोआ, अँके एहलर्स, डेव्हिड क्लार्क आदींनी १९९९ साली सिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ३३ विधाने असून प्रत्येकाशी असलेली सहमती १ ते ७ अशा गुणांत नोंदवायची असते. स्वतःविषयीची नकारात्मकता, जगाविषयीची नकारात्मकता आणि आत्मदोष हे तिचे तीन घटक. अशी विधाने अन्य भाषांत नेता येतात. पण त्याबरोबर बोलण्याचा प्रसंगही नेता येतो काय?

पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावरील देहू येथे याचा जुना दाखला आढळतो. १६३०-३१ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकारामांचे द्रव्य व मान गेला, पत्नी अन्नावाचून मरण पावली. आत्मचरित्रपर अभंगात ते आपली लाज, जिवाचा त्रास आणि व्यवसायातील तूट सांगतात. प्रश्नावलीच्या निकषांवर ही स्वतःविषयीची नकारात्मकता ठरू शकेल. परंतु हा अभंग संतांच्या पृच्छेला दिलेले उत्तर आहे. तो लाजेपाशी न थांबता भंगलेल्या देवळाकडे व एकादशीच्या कीर्तनाकडे वळतो. दुसऱ्या एका अभंगात, देवाशी बोलताना, याच आपत्ती इष्ट ठरतात. घटना एकच, वक्ता एकच; श्रोता पालटताच तिचे मूल्य पालटते.

यावरून अभंगातील दैन्य हा केवळ संकेत आहे असे म्हणणे ही उलट दिशेची चूक होईल. स्वतःला पतित म्हणणारा भक्त पतितपावनावर हक्क सांगत असतो हे खरे. पण त्या हक्कामागची भूक खोटी ठरत नाही. संकेत हे दुःखाचे आवरण नव्हे, ते उच्चारता येण्याची अट आहे.

हा वाद केवळ गाथेपुरता नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यात प्रेसखाली बोटे गमावलेला कामगार ‘माझाच भोग’ म्हणाला, असे समजू. घरी हे सांत्वन असेल; व्यवस्थापनासमोर सावधपणा; समुपदेशकासमोर कदाचित खरोखरीचा आत्मदोष. तिन्हींना एकच गुण दिला, तर यंत्रावर संरक्षक जाळी होती की नव्हती हा प्रश्न रुग्णाच्या ‘विकृत धारणे’त विरून जातो.

म्हणून मापन त्याज्य ठरत नाही. मोजमापाविना उपचारांची गरज सिद्ध करणे कठीण. मात्र विधानापुढे गुण मांडण्यापूर्वी ते कोणी विचारले आणि कोणाला ऐकवले, याची नोंद हवी. साहित्यसमीक्षा जिला निवेदनाची परिस्थिती म्हणते, ती येथे निदानाचा भाग ठरते.