न वापरलेला मुखवटा

युद्धाच्या इतिहासांत तोफांचीं व विमानांचीं वर्णनें पुष्कळ येतात. परंतु ढालीवरचा गंज कोणी काढला, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. संरक्षणाच्या साधनांची निगा हा इतिहासांतला उपेक्षित विषय आहे. म्हणून विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याची हकीकत आज मीं निवडली आहे.

22 एप्रिल 1915 रोजीं बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें क्लोरीन वायु सोडला, तेव्हां समोरच्या सैनिकांपाशीं बचावाचें साधन नव्हतें. चार दिवसांनीं त्याच आघाडीवर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन चालून गेली. त्या शिपायांनाहि तोंडावर ओलें फडकें धरण्यापलीकडे उपाय नव्हता. त्या दिवशीं जमादार मीर दस्त यांनीं स्वतः जखमी असतांहि आठ ब्रिटिश व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागीं पोंचविलें व त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें औषधांत भिजविलेली फ्लॅनेलची पिशवी आली, आणि 1916 सालीं कोळशाचा डबा जोडलेला मुखवटा आला. ओल्या फडक्यापासून या डब्यापर्यंत येतांना किती प्राण खर्चीं पडले, हें ध्यानांत ठेवावें.

सप्टेंबर 1938 मध्यें म्युनिकच्या पेचप्रसंगीं ब्रिटिश सरकारनें आपल्या नागरिकांस सुमारें 3 कोटी 80 लक्ष मुखवटे वाटले. पुठ्ठ्याच्या पेटींत ठेवलेला हा मुखवटा दिसावयास साधा होता: काळ्या रबराचें आवरण, डोळ्यांपुढें एकच पारदर्शक पट्टी, आणि खालीं कोळसा व गाळणी असलेला पत्र्याचा डबा. श्वास डब्यांतून आंत येई; उच्छ्वास मात्र गालांजवळची रबराची कड किंचित् उचलून बाहेर पडे. म्हणजे ती कड हीच त्याची झडप. मुखवटा पट्ट्यानें खुंटीला टांगला, कीं रबर ताणून वाकडें होई. शेगडीजवळ ठेवला, कीं तें खराब होऊं लागे. मग गाल व रबर यांमध्यें बारीकशी फट राहिली, तरी डब्यांतला कोळसा व्यर्थ. म्हणून नागरिकांस नियम शिकविले गेले: मुखवटा उष्णतेपासून दूर ठेवावा, पट्ट्यानें टांगूं नये, वापरल्यावर आंतील ओल पुसावी, पारदर्शक पट्टी दुमडूं नये, व ती श्वासानें धुरकट होऊं नये म्हणून तिला आंतून साबणाचा पातळ हात द्यावा.

3 सप्टेंबर 1939 रोजीं युद्ध पुकारलें गेलें, तेव्हां पुष्कळ लोक ही पेटी खांद्यास अडकवून हिंडत. पण वायु कांहीं आला नाहीं. 1940 च्या वसंतऋतूपर्यंत पेटी बरोबर नेणारे फार थोडे उरले. तथापि त्याच वर्षीं नव्या प्रकारच्या विषारी धुराची शंका येतांच, लोकांच्या मुखवट्यांस एक जादा गाळणी चिकटपट्टीनें जोडून देण्यांत आली. लोकांस पेटीचा विसर पडला होता. निगा राखणाऱ्यांस तो पडला नव्हता.

ब्रिटनवर विषारी वायूचा हल्ला अखेरपर्यंत झाला नाहीं. मग सारा खटाटोप फुकट गेला काय? उलट माऱ्याची भीति हें शत्रूच्या संयमाचें मोठें कारण खरें. परंतु जेथें घरोघरीं धड मुखवटा आहे, तेथें वायु सोडून लाभहि थोडाच होता. आज ते मुखवटे संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांच्या गाळणींत ॲस्बेस्टॉस असल्याचें आतां ठाऊक झाल्यामुळें, ते मुलांच्या तोंडास लावूं नयेत, अशी तेथील शाळांना सूचना आहे. जुन्या साधनाला वेळेवर रजा देणें, हाहि निगेचाच भाग होय.

ही दृष्टि आपल्याकडे नवी नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारूखान्याविषयीं असें सांगितलें आहे कीं, हवालदारानें दर आठ-पंधरा दिवसांनीं येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून त्यांस ऊन द्यावें व पुन्हां मोहोर करून ठेवावें. यांत शत्रूची चाहूल लागण्याची अट नाहीं.

आतां थोडें स्वतःविषयीं. मी एका शाळेचा मुख्य शिक्षक असतांना व्हरांड्यांत वाळूच्या तांबड्या बादल्या टांगलेल्या होत्या. दरवर्षीं दप्तरांत ‘बादल्या ठीक’ असें मी लिहीत असें. पाहिल्या मात्र एकदांहि नाहींत. एके दिवशीं जुन्या कागदांच्या खोलींत जाळ झाला. बादल्या काढून पाहतों, तों पावसाळ्याच्या ओलीनें वाळू दगडासारखी बसलेली, व वर खडूचे तुकडे! शिपायानें गोणपाटानें आग विझविली. पण त्याच्या उजव्या हाताचीं बोटें पुढें कधीं नीट मिटलीं नाहींत. बादल्या तपासण्याचें काम त्याचें नव्हतें, माझें होतें.

आपल्या घरांत किंवा इमारतींत अशी एखादी वस्तु भिंतीवर टांगलेली असेल, तर हें भाषण संपल्यावर ती एकदां खालीं काढून पाहावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.