मांजराची कबर काय सांगते?

घरातले मांजर गेले म्हणून एखादा विद्यार्थी वर्गात गप्प बसतो आणि बाकीची मुले हसतात. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? त्याचे सांत्वन तर करावेच, पण 'पाळीव प्राण्याला निरोप देण्याची रीत किती जुनी?' हा प्रश्नही वर्गापुढे ठेवावा. कारण तो इतिहासाचा प्रश्न आहे.

सायप्रस बेटावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक मानवी कबर सापडली. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. कबरीपासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा अखंड सांगाडा होता. हाडांवर कापल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणजे ते खाण्यासाठी मारलेले नव्हते. शिवाय सायप्रसमध्ये रानमांजरे मूळची नव्हेत. तेव्हा ती माणसानेच होडीतून नेली असली पाहिजेत.

माणूस आणि मांजर यांची गाठ धान्याने घातली. शेती आली, धान्य साठू लागले, त्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर. आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. ज्याने पेव किंवा कणगी पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

इजिप्तमध्ये घरचे मांजर मेले की घरातली माणसे भुवया काढून शोक पाळत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहिले. तिसऱ्या आमेनहोतेपचा पुत्र थुतमोस याने आपल्या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करवून घेतली होती. मात्र इजिप्तमधली प्रत्येक मांजर-ममी प्रेमाची खूण समजणे चुकीचे ठरेल. क्ष-किरणांनी तपासल्यावर अनेक ममींतली मांजरे अगदी कोवळ्या वयाची आणि मान मोडलेली आढळली. देवळात वाहण्यासाठी ती मुद्दाम मारलेली होती. पुढे १८९० साली अशा ममींचा सुमारे १९ टन माल इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला उतरला आणि खत म्हणून विकला गेला!

महाराष्ट्रात अशी स्मारके आहेत, पण ती कुत्र्यांची. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या (कारकीर्द १७०८ ते १७४९) खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका आहे. रायगडावरील वाघ्याचा पुतळा १९३६ सालचा, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी उभारलेला. वाघ्याचा उल्लेख समकालीन कागदपत्रांत मिळत नाही. त्यामुळे त्यावर वाद होत आले. २०११ साली पुतळा हलवला गेला व पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ साली वाद परत उठला. म्हणून दगडाकडे पाहताना आधी विचारावे : हा कोणी बसवला, केव्हा, आणि कशासाठी? १९३६ चा दगड १९३६ च्या माणसांच्या भावनेचा उत्तम पुरावा आहे. १६८० चा नव्हे.

आणि मांजराचे काय? कणगी राखणाऱ्या मांजराला कोणी समाधी बांधत नाही. त्याचा माग लागतो तो समजुतींत. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, ही समजूत आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळते. मांजर हे षष्ठीदेवीचे वाहन, असेही मानतात. ज्याच्यावर वर्षाचे धान्य विसंबून आहे, त्याला मारू नये हा व्यवहार अशा समजुतींमागे असू शकेल. पण हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हेही मुलांना सांगावे.

वर्गासाठी एक उपक्रम. प्रत्येकाने आजी-आजोबांना विचारावे : घरचे मांजर, कुत्रा किंवा बैल गेला तेव्हा काय केले? कोठे पुरले? त्या दिवशी चूल पेटली का? उत्तर लिहिताना सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि अंदाजे साल नोंदवावे. आख्यायिका, आठवण आणि पुरावा असे तीन रकाने पाडावेत. मांजर गेलेल्या त्या विद्यार्थ्याची नोंद सर्वांत आधी घ्यावी. त्याला सारे आठवत असताना लिहिलेली ती नोंद पुढच्या पिढीसाठी समकालीन पुरावा ठरेल.