वाऱ्याचे गणित आणि विवेक

साहित्यात वारा बहुधा स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून येतो. त्याला सीमा नाही, मालक नाही, असे आम्हीही वर्गात सांगत आलो आहोत. पहिल्या महायुद्धाने या प्रतीकाला छेद दिला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने अनुकूल वारा पाहून क्लोरीनची नळकांडी उघडली. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्समधील लूस येथे ब्रिटिशांनी सोडलेला वायू काही ठिकाणी त्यांच्याच खंदकांवर उलटला. वाऱ्याचे ज्ञान हा आता युद्धसामग्रीचा भाग झाला होता.

लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१-१९५३) या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाचे चरित्र या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. ते क्वेकर पंथाचे, म्हणून युद्धविरोधी. १९१६ ते १९१९ या काळात त्यांनी फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवली. जमिनीलगतच्या हवेतील खळबळ हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय. दिवसा तापलेली जमीन हवा घुसळते आणि धूर विरून जातो. निरभ्र रात्री जमीन निवते, थंड हवा तळाशी बसते आणि धूर तेथेच रेंगाळतो. वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्याच्या वेगातील फरक ही स्थिरता मोडू शकेल काय, याची कसोटी त्यांनी १९२० मध्ये मांडली. 'रिचर्डसन अंक' या नावाने ती आजही वापरात आहे. १९२६ च्या निबंधात तर, वाऱ्याला वेग असतो का, असा मूलगामी प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

परंतु धूर जेथे रेंगाळतो, तेथे विषारी वायूही रेंगाळतो. हवामान कार्यालय हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेल्यावर १९२० मध्ये रिचर्डसन यांनी तेथील नोकरी सोडली. पुढे आपल्या संशोधनात विषवायूच्या तज्ज्ञांनाच सर्वाधिक रस आहे, हे उमगल्यावर त्यांनी ते थांबवले आणि अप्रकाशित लेखन नष्ट केले, असे त्यांच्या पत्नीने नमूद केले आहे. नंतर ते युद्धांच्या कारणांच्या गणिती अभ्यासाकडे वळले.

स्वतःचे लेखन नष्ट करणारे लेखक आपल्याला अपरिचित नाहीत. त्यांचे असमाधान बहुधा संहितेविषयी असते. रिचर्डसन यांचा आक्षेप संहितेवर नव्हता, वाचकावर होता. मात्र जे छापून गेले होते, त्याचा वाचक निवडणे त्यांच्याही हाती उरले नव्हते. लेखकाचे उत्तरदायित्व कोठे संपते, या आपल्या जुन्या वादात हे उदाहरणही विचारात घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.