पुण्याचा खेळ आणि शाळांचे संघ

बॅडमिंटनचा खेळ पुण्यांत वाढला हें आपण ज्या अभिमानानें सांगतों, त्या मानानें तो कसा वाढला ह्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्यामुळें कांहीं काळ त्याला ‘पूना’ हेंच नांव होतें, येवढें सर्वांस ठाऊक असतें. पुढें तो विलायतेस गेला, ग्लॉस्टरशायरमधील ड्यूक ऑफ बोफर्ट ह्यांच्या बॅडमिंटन नांवाच्या वाड्यावरून त्याचें दुसऱ्यांदा बारसें झालें, आणि आपल्या गांवाचें नांव पुसलें गेलें म्हणून पुणेकर अद्याप हळहळतात. मला स्वतःला त्या बारशाचें दुःख नाहीं. मला कुतूहल आहे तें निराळ्याच गोष्टीचें. जाळीच्या दोन बाजूंस फार तर चार माणसांनीं उभें राहावें आणि पिसांचें एक फूल इकडून तिकडे टोलवावें, अशा ह्या खेळांत ‘संघ’ ही वस्तु आली कोठून? आणि शाळाशाळांचे सामने भरवितांना त्या संघाचा आकार कोणीं व कोणत्या न्यायानें ठरवावा? हा प्रश्न मला ग्रंथालयांत बसून सुचलेला नाहीं. तो कसा सुचला तें पुढें ओघानें येईल.

ज्या ‘बॅटलडोर व शटलकॉक’ नांवाच्या जुन्या इंग्रजी खेळांत बॅडमिंटनचें बीज आहे, त्यांत जाळीही नव्हती आणि हारजीतही नव्हती. दोघांनीं समोरासमोर उभें राहावयाचें आणि फूल जमिनीवर पडूं न देतां जितका वेळ टोलवितां येईल तितका वेळ टोलवावयाचें, इतकाच त्याचा हेतु. दोघांचें हित एकच. एकाची चूक ती दोघांची चूक. मध्यें जाळी आली आणि काल जो सोबती होता तो आज प्रतिस्पर्धी झाला. पण सोबत्याची जागा रिकामी राहिली नाहीं. त्याला जाळीच्या अलीकडे आणून उभें करण्यांत आलें. आरंभींच्या काळांत एकेका बाजूस तीन-तीन, चार-चार माणसें खेळत, आणि मैदान तर १९०१ सालापर्यंत मध्यावर आवळलेलें, आपल्या डमरूच्या आकाराचें असे. १८९३ सालीं इंग्लंडांत ह्या खेळाचें मंडळ स्थापन झालें व १८९९ सालीं पहिली ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा लंडनांत भरली. त्या स्पर्धेंत एकेरी सामने मुळींच नव्हते. पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी, असे तीनच विभाग होते. एकेरीचा प्रवेश दुसऱ्या वर्षीं, १९०० सालीं झाला. आज ज्याला आपण एकट्याच्या पराक्रमाचा खेळ समजतों, तो मूळचा जोडीचा खेळ आहे, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडे दक्षिणेंत ह्याच्याही पुढची मजल गेली. पिसांचें फूल वाऱ्यापुढें टिकत नाहीं. लोकरीचा चेंडू टिकतो. त्या चेंडूनें, उघड्या मैदानावर, एका बाजूस पांच असे खेळण्याचा जो ‘बॉल बॅडमिंटन’, त्याचें मूळ तंजावरास, १८५६ च्या सुमारास तेथील राजघराण्यांत होतें, असें सांगतात. तें राजघराणें भोसल्यांचें. तेव्हां छावणींतल्या साहेबाचा खेळ तो आमचा, आणि तंजावरच्या मराठ्यांचा खेळ मात्र मद्रासेकडचा, असा आमच्या अभिमानाचा उफराटा हिशेब आहे; पण तें असो.

देशादेशांचा पहिला सामना १९०३ सालीं डब्लिन येथें इंग्लंड व आयर्लंड ह्यांच्यांत झाला. १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय मंडळ निघालें. आपल्या देशाचें मंडळही त्याच वर्षीचें. आंतरराष्ट्रीय मंडळाचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज टॉमस. हे गृहस्थ बॅडमिंटनमध्यें ऑल इंग्लंडचे अजिंक्यवीर आणि बुद्धिबळांतही नामांकित. त्यांनीं १९३९ सालीं देशांच्या संघांसाठीं एक चषक दिला, महायुद्धामुळें तो दहा वर्षें पडून राहिला, आणि १९४८-४९ च्या पहिल्या स्पर्धेंत मलायानें डेन्मार्कचा ८-१ असा पराभव करून तो नेला. हे आठ आणि एक कशाचे? एका लढतीचे नऊ भाग करण्यांत आले होते: पांच एकेरी व चार दुहेरी, दोन दिवसांत वांटलेले. एकट्यादुकट्याच्या खेळांतून संघाचा खेळ बनविण्याची युक्ति ती हीच. प्रत्येक सामना स्वतंत्र, पण बेरीज समाईक. १९८४ पासून नवाचे पांच झाले. ह्या आंकड्यांच्या फेरफारास कोणी इतिहासांत स्थान देत नाहीं. परंतु नऊ सामने लढविण्यास जितके खेळाडू लागतात तितके पांचांस लागत नाहींत, आणि म्हणून आंकडा बदलला कीं दाराशीं उभें राहण्यास कोण पात्र आहे हेंही बदलतें.

एकेरीच्या वैभवाची उदाहरणें आपल्याकडे उणीं नाहींत. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ सालीं मलायांत जिंकले, व परदेशांत असें विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९८० सालीं प्रकाश पदुकोण व २००१ सालीं गोपीचंद ह्यांनीं ऑल इंग्लंड जिंकली. त्याच्याही पूर्वीं, १९४७ सालीं, प्रकाश नाथ व देविंदर मोहन हे दोघे आपल्याकडून तेथें गेले असतां उपांत्यपूर्व फेरींत त्यांची गांठ एकमेकांशींच पडली. दोघांनीं दमण्यापेक्षां एकानेंच पुढें ताजेतवानें जावें, म्हणून त्यांनीं नाणें उडवून निकाल लावला. प्रकाश नाथ पुढें गेले व अंतिम सामन्यांत स्वीडनच्या कोनी येप्सन ह्यांच्याकडून हरले. खेळाच्या नियमानें हें योग्य कीं अयोग्य, ह्याचा काथ्याकूट मी करीत नाहीं. मला त्यांत दिसतें तें इतकेंच कीं, स्पर्धा व्यक्तींची होती आणि त्या दोघांच्या मनांत संघ होता. टॉमस चषक मात्र आपल्या देशास २०२२ पर्यंत मिळाला नाहीं. त्या वर्षीं बँकॉक येथें इंडोनेशियावर ३-० असा विजय मिळाला, त्यांतील दुसरा गुण सात्त्विकसाईराज व मुंबईचा चिराग शेट्टी ह्या जोडीचा होता. एकेरीचे वीर असतांही चषक इतकी वर्षें कां आला नाहीं, ह्याचें माझ्या मतें एक मोठें कारण म्हणजे आपण जोड्या घडविल्या नाहींत. जोडी घडते ती शाळेंत, आणि शाळेच्या लढतींत दुहेरीला मोल असेल तरच घडते.

आतां शाळांकडे वळूं. आपल्या प्रांतांत शाळाशाळांच्या सामन्यांची परंपरा क्रिकेटनें घातली. मुंबईची हॅरिस ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची; १९८८ सालीं तेंडुलकर-कांबळी ह्यांची ६६४ धांवांची भागीदारी झाली ती ह्याच ढालीच्या सामन्यांत. क्रिकेटमध्यें संघाच्या आकाराबद्दल वाद नाहीं. अकरा म्हणजे अकरा. शालेय क्रीडा महासंघ १९५४ सालीं निघाल्यावर इतर खेळही शाळांत पसरले. परंतु बॅडमिंटनमध्यें अकराची सोय नाहीं. तेथें लढत किती सामन्यांची, हें भरविणाऱ्यानें ठरवावयाचें असतें.

२००३ सालीं हें ठरविण्याचा प्रसंग माझ्यावर आला. त्या वेळीं मी एका जिल्ह्याच्या ठिकाणीं इंग्रजी शिकवीत असें, आणि जिमखान्याचें काम, जसें तें नेहमीं तरुण अध्यापकाच्या गळ्यांत पडतें तसें, माझ्या गळ्यांत पडलेलें होतें. दोन मैदानांचें बंदिस्त सभागृह नुकतेंच उभें राहिलें होतें. त्यांत जिल्ह्यांतील शाळांची स्पर्धा भरवावी असें ठरलें. मीं टॉमस चषकाचा नियम वाचलेला; त्याच धर्तीवर तीन एकेरी, दोन दुहेरी, आणि एका मुलानें एकच सामना खेळावा, असा नियम केला. म्हणजे प्रत्येक शाळेचीं सात मुलें. एक मुलगा शाळेला जिंकून देईल असें होऊं नये, शाळेनें मिळून जिंकावें, ही त्यांतील कल्पना. कल्पना मला फार उदात्त वाटली होती.

तेरा शाळा आल्या. बाद पद्धतीच्या भाग्यपत्रिकेंत तेरांस सोळापर्यंत न्यावयाचें म्हणजे तीन शाळांना पुढें चाल द्यावी लागते. उरतात बारा लढती. बारा गुणिले पांच म्हणजे साठ सामने. अर्ध्या तासास एक धरला तर दोन मैदानांवर पंधरा तास, म्हणून दोन दिवस पुरेत असा माझा हिशेब. तो हिशेब साफ चुकला. त्या काळीं ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे, आणि पंधरा गुणांचा डाव दहा मिनिटांत संपेल कीं चाळीस मिनिटांत, हें कोणासही सांगतां येत नसे. प्रत्येक फुलावर गुण देण्याची व एकवीस गुणांची पद्धति २००६ सालीं आली. तिच्यावर जुने खेळाडू कितीही रुसोत, सामने भरविणाऱ्यांनीं तिला दुवा द्यावा. आमचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशीं रात्रीं साडेअकराला संपला. शेवटची एस. टी. केव्हांच निघून गेली होती, आणि बक्षीससमारंभास पाहुण्यांपेक्षां सतरंज्यांवर झोंपलेलीं मुलेंच अधिक होतीं.

पण ह्या फजितीपेक्षां मनाला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. प्रवेशपत्रिका येत असतां एका खेड्यांतील शाळेच्या खेळशिक्षकांनीं कळविलें कीं त्यांच्याकडे खेळणारीं मुलें तीन आहेत, तीं शाळेच्या पटांगणांत चुन्याच्या रेघा ओढून खेळतात, आणि सात कोठून आणावीं? आम्हीं समितींत विचार करून कळविलें कीं नियम सर्वांस सारखा आहे. तें उत्तर मींच लिहिलें होतें. दोन दिवसांनीं त्या गृहस्थांचा दूरध्वनि आला. “सर, खेळायला नाही तर नाही, पोरं बघायला तरी आणतो,” असें ते म्हणाले. ते खरोखरच तीन मुलांना घेऊन आले, आणि आमच्याकडे माणसें अपुरीं असल्यामुळें ती तिघें दोन्ही दिवस रेषापंच म्हणून खुर्च्यांवर बसलीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक मैदान थोडा वेळ रिकामें होतें. तेव्हां त्यांतील एकानें, विजेत्या ठरलेल्या शाळेच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाबरोबर एक डाव खेळून पाहिला. तो १५-१२ असा हरला. वाऱ्यांत खेळण्याच्या संवयीनें तो फूल उंच उडवीतच नव्हता. जाळीला घासून, सरळ, खालून खालून टोलवी, आणि समोरचा मुलगा त्या रीतीपुढें गोंधळून जाई.

दुसऱ्या वर्षीं मीं नियम बदलला. दोन एकेरी, एक दुहेरी; संघ तिघांचा; एकेरी खेळलेला मुलगा दुहेरींतही खेळूं शकेल. बावीस शाळा आल्या. लढती एकवीस, सामने त्रेसष्ट. म्हणजे मागील वर्षाच्या साठांहून केवळ तीन अधिक. माझा आनंद गगनांत मावेना. तो उतरविण्याचें काम आमच्या एका वृद्ध सहकाऱ्यांनीं केलें. पहिल्या वर्षीं तेरा शाळांचीं एक्याण्णव मुलें खेळलीं होतीं. दुसऱ्या वर्षीं बावीस शाळांचीं सहासष्ट. शाळा वाढल्या आणि मुलें घटलीं. शिवाय ज्याची भीति होती तेंही घडलें. ज्या शाळेनें ढाल नेली तिच्याकडे एक असामान्य मुलगा होता. एक एकेरी त्यानें जिंकावी, दुहेरींत अर्धा वांटा त्यानेंच उचलावा, म्हणजे तीनपैकीं दोन झालेच. तिसरा गडी केवळ नांवाला. आणखी एका शाळेनें आपला उत्तम मुलगा दुसऱ्या क्रमांकावर लपविला, असा बोभाटा झाला. देशांच्या स्पर्धेंत एकेरीचा क्रम जागतिक मानांकनावरून ठरतो, म्हणून ही लबाडी तेथें चालत नाहीं. शाळेच्या मुलांना मानांकन कोठलें? तेथें शिक्षकाच्या सचोटीवांचून दुसरा पंच नाहीं. मीं तक्रार फेटाळली, कारण पुरावा नव्हता. तक्रार खोटी होती असें मात्र मला वाटलें नाहीं.

वृद्ध सहकाऱ्यांचा हिशेब बरोबर होता. तरीही मला विचारल्यास मी दुसऱ्या वर्षाचाच नियम पुन्हा करीन. एक्याण्णवांपैकीं बहुतेक मुलें अशा शाळांचीं होतीं कीं जेथें पटांगण, रॅकेटी आणि शिकविणारा माणूस हीं तिन्ही होतीं. त्यांना आमच्या स्पर्धेवांचूनही खेळतां आलें असतें. स्त्रीपुरुषांच्या मिश्र संघाची जी सुदीरमान चषकाची रीत १९८९ सालीं सुरू झाली व २००० पासून कुमारांच्या जागतिक स्पर्धेंतही आली, ती आमच्या शाळांतून चालविली असती तर मुलींनाही दार उघडलें असतें. आम्हीं दोन्ही वर्षें केवळ मुलांचेच सामने भरविले. समितींत हा विषय एकदांही निघाला नाहीं, आणि तो न काढणाऱ्यांत मीही होतों. २०२५ सालीं गुवाहाटीस आपल्या कुमार-कुमारींच्या मिश्र संघानें कांस्यपदक मिळविलें, त्या दिवशीं मला हें फार जाणवलें.

त्या खेड्यांतील शाळा दुसऱ्या वर्षीं आली. पहिल्या फेरींत तिला पुढें चाल मिळाली, दुसऱ्या फेरींत ती २-१ अशी हरली. जो एक सामना जिंकला तो दुहेरीचा. सभागृहांत आंत आल्याबरोबर त्या तीन मुलांनीं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर वर छताकडे पाहून हात उंच केले आणि वारा नाहीं ह्याची खात्री करून घेतली. सामना आटोपल्यावर त्यांच्या शिक्षकांनीं माझ्याकडे येऊन विचारलें कीं गाडीला अजून दोन तास अवकाश आहे, तोंवर रेषेवर बसावयास माणसें हवीं आहेत काय? हवींच होतीं.