अंतरा-ट्रॅपी सपुष्प वनस्पती

दख्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान साचलेल्या गाळाच्या खडकांत, म्हणजे अंतरा-ट्रॅपी थरांत, जीवाश्मरूपाने टिकलेल्या फुलझाडांचा समुदाय. हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, क्रिटेशस कल्पाच्या अखेरचे व त्यानंतरच्या पॅलिओसीनच्या आरंभीचे असून, नवी मुंबईतील पारसिक, बेलापूर व खारघरच्या डोंगरांचा बेसाल्ट त्याच उद्रेकमालिकेतला आहे. मुंबईत वरळीच्या अशा थरांतून बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले. फुलझाडांचा मोठा ठेवा मात्र लाव्हाक्षेत्राच्या पूर्व कडेला, नागपूरच्या परिसरात आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे आहे.

एक लाव्हाप्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत कित्येकदा दीर्घ काळ जाई. तेवढ्या अवधीत खोलगट जागी तळी साचत, त्यांच्या काठी वनस्पती रुजत आणि पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांच्या ऊतींत भिनून त्यांचा चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड, बनत असे. त्यामुळे या दगडाचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पेशींच्या भिंतीही स्पष्ट दिसतात. बिरबल साहनी यांनी १९४३ मध्ये वर्णिलेले ‘एनिग्मोकार्पॉन’ हे मोहगावचे फळ याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या बियांभोवतीच्या स्पंजासारख्या ऊतीवरून त्या पाण्यावर तरंगत पसरत असाव्यात, असे अनुमान निघते. हे फळ मेंदीच्या कुळाजवळचे मानले जाते. महाराष्ट्राचे राज्यफूल तामण आणि ठाणे खाडीतील चिपी, म्हणजे सोनेरेशिया, ही त्याच कुळातली.

तळ्यात पाणनेचे आणि काठाला ताडकुळातील झाडे, असे त्या भूदृश्याचे साधारण चित्र आहे. २०१३ मध्ये वर्णिलेल्या ‘इंडोव्हायटिस चितळेयी’ या द्राक्षकुळातील फळाला नागपूरच्या पुरावनस्पतिविज्ञ श्यामला चितळे यांचे नाव दिलेले असून, या कुळातील बहुतेक वनस्पती वेली असल्याने आधाराला वृक्ष असणारच, असे मानता येते. मोहगावला निपा या खाजणातील ताडाची फळे सापडल्यामुळे समुद्राचा फाटा तेथवर पोचला होता, असे मत मांडले गेले. परंतु त्याच थरांत गोड्या पाण्यातील वनस्पतीही विपुल असल्याने केवळ निपावरून समुद्रकिनारा ठरवणे धाडसाचे ठरते.

गवताविषयीचा पुरावा याहून थेट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, लाव्हाच्या तळाशी असलेल्या लॅमेटा थरांत, शाकाहारी डायनासोरांची मानली जाणारी जीवाश्म विष्ठा मिळते. तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवतांचे वैविध्य डायनासोरांच्या अस्तानंतरचे, हा समज मागे पडला. पाने व फळे केवळ काय उगवत होते ते सांगतात. विष्ठेतून ते कोणी खाल्ले हेही कळते, म्हणून परिसंस्थेच्या अभ्यासात या पुराव्याचे मोल विशेष आहे.

नवी मुंबईत खाणी आणि सपाटीकरणासाठी डोंगर कापले गेले आहेत. अशा उघड्या कातळात दोन लाव्हाथरांमध्ये गाळाचा पट्टा दिसल्यास पुढील खोदकामाआधी त्याची नोंद करून नमुने घेतले पाहिजेत.