सायकलीच्या इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी लवकर उतरणे

ओढतारेऐवजी छोट्या विद्युत मोटरने गिअर बदलणाऱ्या सायकलीची बॅटरी अपेक्षित मुदतीच्या फार आधी संपणे, हा या यंत्रणेत नेहमी आढळणारा दोष होय. दोष बॅटरीतच असतो असे नाही. किंबहुना पुष्कळदा नवी, महागडी बॅटरी बसवूनही तो तसाच राहतो. म्हणून वीज सायकल उभी असताना खर्च होते की चालवताना, हे निदानाच्या आरंभी ठरवणे आवश्यक ठरते. विजेवर चालणाऱ्या सायकलीच्या बॅटरीशी या बॅटरीचा घोटाळा करू नये. ती बॅटरी चाकाला रेटा देते. ही केवळ चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवते.

पार्श्वभूमी

फ्रान्समधील माविक या कंपनीने १९९० च्या दशकात झॅप आणि १९९९ मध्ये मेक्ट्रॉनिक या प्रणाली बाजारात आणल्या. परंतु त्या टिकल्या नाहीत. जपानच्या शिमानो कंपनीची ड्यूरा-एस डीआय२ ही प्रणाली २००९ मध्ये आली आणि तिच्यापासून हा प्रकार रूढ झाला. इटलीच्या काम्पान्योलोची ईपीएस प्रणाली २०११ मध्ये, तर अमेरिकेच्या स्रॅम कंपनीची रेड ईटॅप ही बिनतारी प्रणाली २०१५ मध्ये जाहीर झाली.

रचना व विजेचा खर्च

डीआय२ मध्ये ७.४ व्होल्टची, सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची एकच लिथियम-आयन बॅटरी असते. ती बहुधा सीटखालच्या नळीत दडवलेली असते व पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिरेलर तिच्यावरच चालतात. स्रॅमच्या प्रणालीत प्रत्येक डिरेलरला स्वतंत्र, काढता येणारी ७.४ व्होल्टची छोटी बॅटरी असते. हँडलवरील शिफ्टरमध्ये सीआर२०३२ हा बटण सेल असतो.

डीआय२ एकदा चार्ज केल्यावर साधारण १००० किलोमीटर पुरते, तर ईटॅपची बॅटरी सुमारे ६० तासांचे सायकलिंग करू देते. ज्याला दर आठवड्याला चार्ज करावे लागते, त्याने प्रथम आपले किलोमीटर मोजावेत; रोज दीडशे किलोमीटर दौडणाऱ्याची बॅटरी आठवड्यात उतरली, तर तो दोष नव्हे. दर्शक दिवाही फसवा असतो. तारांनी जोडलेल्या डीआय२ मध्ये लिव्हर क्षणभर दाबून धरल्यास दिवा लागतो, पण त्याला मोजक्याच पायऱ्या असतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत तो सारखाच हिरवा दिसतो, आणि मग लुकलुकू लागला की बॅटरी एकाएकी घसरल्याचा भास होतो.

वीज संपत आली की डीआय२ प्रथम पुढचा डिरेलर बंद करते आणि काही काळाने मागचा. चेन ज्या चक्रावर असेल तिथेच अडकते. सपाट रस्त्यावर ही केवळ गैरसोय होय. परंतु चेन पुढच्या मोठ्या चक्रावर असताना घाटाच्या पायथ्याशी असे झाले, तर सायकल ढकलत नेण्याची वेळ येते. पुढचा डिरेलर बंद पडणे हा शेवटचा इशारा समजून चेन ताबडतोब मधल्या गिअरवर आणून ठेवावी.

उभ्या सायकलीची बॅटरी उतरणे

पूर्ण चार्ज केलेली सायकल आठवडाभर न चालवता ठेवावी. तेवढ्यात पातळी लक्षणीय उतरली, तर यंत्रणेतील एखादा भाग निद्रावस्थेत जात नाही, असे मानावे. येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून सतत १ मिलिअँपिअर प्रवाह जात राहिला, तर ती सुमारे तीन आठवड्यांत रिकामी होते. ३ मिलिअँपिअर जात असेल, तर आठवड्यातच. इतक्या क्षुल्लक प्रवाहाने कोणताही भाग गरम होत नाही वा आवाज करत नाही, त्यामुळे गळती डोळ्यांना दिसत नाही.

सर्वांत साधे कारण म्हणजे दाबले गेलेले बटण. भिंतीला टेकवलेल्या किंवा खोक्यात कोंबलेल्या सायकलीची शिफ्टरची कळ कशाला तरी घासून दाबलेली राहते आणि यंत्रणा जागीच राहते. स्रॅमच्या प्रणालीला हालचालीची जाणीव असते, म्हणून मोटारीवर बांधून नेलेली सायकल वाटभर जागी राहून वीज खाते. प्रवासात तिच्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, असे कंपनीच सांगते. ईपीएसमध्ये यासाठी चुंबक लावून यंत्रणा बंद करण्याची सोय आहे.

दुसरे कारण बिनतारी संदेश पाठवणारा भाग. हँडलवरील सायकल-संगणक घरी आल्यावरही चालू राहून सायकलीजवळच पडला, तर हा भाग शांत होत नाही, असे अनेक वापरकर्त्यांना आढळले आहे. संगणक बंद करणे किंवा दुसऱ्या खोलीत ठेवणे एवढाच उपाय पुरतो.

तिसरे, आणि शोधायला सर्वांत कठीण कारण म्हणजे ओल. जोडणी पूर्ण आत न बसल्यास तिच्यात पाणी शिरते. धातूच्या टोकांवर हिरवट थर चढतो व त्यातून प्रवाह झिरपतो. दाबाच्या फवाऱ्याने सायकल धुणे, कोकणातील खारी हवा, पावसाळ्यातील दीर्घ दमटपणा यांनी हे वाढते. जोडणी बसवण्या-काढण्यासाठी मिळणारे खास प्लास्टिकचे हत्यार वापरावे. ती बसताना होणारा 'टक्' हा आवाज ऐकू आला पाहिजे.

चालवताना बॅटरी उतरणे

उभी सायकल वीज टिकवते आणि चालवताना ती भराभर संपते, असे असल्यास दोष यांत्रिक समजावा. पुढचा डिरेलर चेनला मोठ्या चक्रावर चढवतो, म्हणून त्याला मागच्यापेक्षा अधिक जोर लागतो. त्याचे मर्यादा-स्क्रू चुकीचे लागले असतील, तर पाते अडथळ्याशी भिडते आणि मोटर रेटत राहते. चिखलाने वा गंजाने जड झालेल्या सांध्यांचा परिणामही तोच. सायकल स्टँडवर चढवून, पेडल फिरवत एकेक गिअर बदलावा. मोटरचा आवाज लांबत किंवा कुंथत असेल तिथे दोष सापडतो.

दोषी भाग वेगळा काढणे

स्रॅमच्या प्रणालीत हे सोपे आहे. दोन्ही डिरेलरच्या बॅटऱ्यांची अदलाबदल करावी. दोष बॅटरीबरोबर गेला, तर बॅटरी वाईट. जागच्या जागी राहिला, तर डिरेलर वाईट.

डीआय२ मध्ये सर्व भाग एकाच तारजाळ्यावर असल्याने कोणताही एक भाग सगळी बॅटरी रिकामी करू शकतो. येथे वगळणीची पद्धत वापरतात. प्रथम चार्ज केलेली बॅटरी पूर्णपणे सोडवून आठवडाभर ठेवावी. तरीही ती उतरली, तर ती बदलावी. टिकून राहिली, तर एकेक भाग जोडत जावे व प्रत्येक वेळी काही दिवस वाट पाहावी. बिनतारी भाग सर्वांत शेवटी जोडावा, कारण संशय बहुधा त्याच्यावरच असतो. रिकाम्या राहिलेल्या खाचेत बूच बसवण्यास विसरू नये. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच दुकानदार ते टाळून थेट नवी बॅटरी सुचवतात. शिमानोच्या ई-ट्यूब प्रोजेक्ट या संगणक-प्रणालीने जोडलेले भाग तपासता येतात व त्यांतील आज्ञावली अद्ययावत करता येते. मात्र ओलीने होणारी गळती तिला दिसेलच असे नाही.

बॅटरीचे वय व साठवण

लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज करता येते. महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज होणारी बॅटरी या मर्यादेपर्यंत सहसा पोहोचतच नाही. तिला मारतात ते वय, उष्णता आणि पूर्ण रिकामी होऊन पडून राहणे. पावसाळ्याचे चार महिने सायकल उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, शक्य असल्यास सोडवून ठेवावी आणि मधून एकदा तिची पातळी पाहावी. थंडीत बॅटरी तात्पुरती कमी वीज देते. हिमालयातील पहाटे लाल दिसणारा दिवा दुपारी पुन्हा हिरवा झाल्यास तो बिघाड मानू नये. शिफ्टरमधील बटण सेल संपला, तर डिरेलरची बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गिअर बदलत नाही. हा वेगळा दोष असून त्यावर उपाय केवळ नवा सेल हाच.