तळटीप : जलंब–खामगाव लोहमार्ग

जलंब ते खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा 1870 साली सुरू झाला; उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कारण एकच, खामगावचा कापूसबाजार. खामगाव वऱ्हाडात; वऱ्हाड तेव्हा निजामाचे, कारभार इंग्रजांचा. 1860च्या तहानुसार खर्च वजा जाता उरलेला महसूल निजामाला द्यायचा, पण खर्चाचा हिशेब द्यायचे बंधन नव्हते. म्हणून कोणते काम आधी, हे ठरवताना इंग्रजांना विचारणारे कोणी नव्हते. मूळ मजकुराच्या लेखकाने हा मुद्दा एका वाक्यात उरकायला नको होता. (खामगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात, बुलढाण्यात आला 1905मध्ये.) वऱ्हाडातल्याच घाटावरच्या चिखली-मेहकरच्या शेतकऱ्यांनीही सारा भरलाच, पण तिथे आजही रेल्वे नाही. त्या भागातून जाणाऱ्या खामगाव–जालना मार्गाची मागणी मात्र इंग्रज अमदानीपासूनची आहे.